दुचाकीवर सहाय्यक श्वानासह लांबचा प्रवास: नाशिकहून निघण्यापूर्वी

रक्तातील साखर उतरू लागल्याची सूचना देण्यास शिकवलेला श्वान घरात नाकाने ढोसून किंवा पंजा ठेवून आपल्याला सावध करतो. धावत्या दुचाकीवर मात्र वाऱ्याचा झोत, हेल्मेट आणि इंजिनाची थरथर यांपुढे त्याचे हे काम जवळजवळ बंद पडते. त्यामुळे गाडी चालू असताना तो सहाय्यक नसून प्रवासी आहे, असे धरूनच आखणी करावी. डॉक्टरांची संमती घ्यावी, दर तासाभराने थांबून साखर स्वतः तपासावी आणि ग्लुकोजच्या गोळ्या हात लावताच सापडतील अशा खिशात ठेवाव्यात.

मागच्या कॅरियरला पक्की बसवलेली, तळाशी रबरी चटई असलेली पेटी ही त्याची जागा. पट्टा छातीच्या हार्नेसलाच अडकवावा, गळपट्ट्याला कधीही नाही. त्याची लांबी इतकीच असावी की श्वानाला वळून बसता येईल, पण काठावरून पाय बाहेर टाकता येणार नाही. साइडकार जोडायची असल्यास आधी आरटीओची परवानगी घ्यावी. सवय लावताना घाई नको: बंद गाडीवर बसणे, चालू इंजिन, गल्लीतली फेरी, मग गंगापूर धरण, आणि हे सारे जमल्यावरच वणीमार्गे सापुतारा.

उन्हाचा धोका सर्वांत मोठा. श्वानाचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि धापा टाकणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग असल्याने, वारा लागत असला तरी तो आतून तापत जाऊ शकतो. मार्चनंतर पहाटे निघून दहाच्या आत मुक्काम गाठावा. डांबरावर उलटा तळहात सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्याला तिथे उतरवू नये. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी धरावे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा तो झोकांड्या देऊ लागला, तर सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तडक पशुवैद्यकाकडे न्यावे.

आपल्या जिल्ह्याची एक गंमत अशी की येथील दोन्ही प्रसिद्ध पिके श्वानाला घातक आहेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर कांद्याने, मग तो शिजलेला का असेना, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. पिंपळगाव, दिंडोरी परिसरात हंगामात कोणीही प्रेमाने घड पुढे करतो, आणि ढाब्यावरच्या रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडाही तितक्याच आपुलकीने येतो. दोन्हींना हसून, पण ठामपणे नकार द्यावा. त्याचे नेहमीचे खाद्य सोबत न्यावे आणि निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये.

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. कसारा घाटात अवजड वाहनांच्या धुरामागे रेंगाळणे त्याच्या नाकाला त्रासाचे ठरते, म्हणून तो टप्पा भल्या पहाटे उरकावा.

रेबीज लसीकरणाची नोंद आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. लॉजवर फोन करताना "कुत्रा चालेल का" एवढेच विचारल्यास उत्तर बहुधा नाही असेच येते. तो आजारपणात सावध करणारा, शिकवलेला श्वान आहे आणि रात्री खाटेजवळच राहील, हे आधी सांगून मगच खोली विचारावी.