जुन्या बुलेटचं चार्जिंग: आधी मीटर, मग पाना

'बॅटरी उतरते' एवढं ऐकलं की इलेक्ट्रिकलचं काम नव्याने शिकणारी मुलं थेट रेक्टिफायर (अल्टरनेटरच्या एसी करंटचा बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) बदलायला निघतात. १२ व्होल्टची, अल्टरनेटरवाली जुनी कास्ट आयर्न बुलेट समोर असेल तर तो हात आवरा. दोष बहुतेक वेळा जोडांत आणि अर्थिंगमध्ये सापडतो.

आधी बॅटरी. ५ अँपिअर-अवरची असेल तर अर्ध्या अँपिअरने रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोनेक तासांनी मोजा. १२.६ व्होल्ट हवेत. हेडलाइट लावताच आकडा ११ च्या खाली घसरला तर बॅटरीच गेली. पुढचं सगळं मोजमाप फुकट.

आता गाडी चालू करा. मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरून रेस मध्यम ठेवा: १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचं काम, बिघडलंय. बॅटरीचं पाणी उडेल, बल्ब जातील. १३ सुद्धा गाठत नसेल तर अर्थ तपासा. मीटर २ व्होल्ट डीसीवर, हेडलाइट चालू. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या टोकाच्या लगवर नव्हे), दुसरी रेग्युलेटरच्या अर्थवर. ०.२ पेक्षा जास्त आलं तर जोड खराब. चेसिसला नव्याने पावडर कोटिंग झालेल्या गाड्यांत हे हमखास होतं, कारण बोल्टखाली रंगाचा थर असतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. अशीच मोजणी रेग्युलेटरच्या आउटपुटपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत. वाटेत अँपिअर मीटर असेल तर त्याच्या मागचे नटही आवळून पाहा; ते ढिले झाले की चार्जिंग तिथेच अडतं. आयडलला काटा थरथरतो, तो दोष नव्हे. इग्निशनचे पॉइंट उघडझाप करतात म्हणून तसं होतं.

जोड ठीक निघाले तर स्टेटर, म्हणजे अल्टरनेटरचा न फिरणारा, कॉइलवाला भाग. काही मॉडेलांत हेडलाइटची जोडी वेगळी असते, म्हणून चार्जिंगची कोणती ते वायर धरून शोधा. कपलर सोडवून दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा: साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. वायर आणि इंजिन यांच्यात मात्र मीटरवर काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर प्रायमरी चेन ढिली होऊन वायर घासली का, ते आधी पाहा. इंजिन चालू करून त्याच दोन वायरींवर एसी व्होल्ट मोजा. रेस वाढवली की आकडा सरळ चढला पाहिजे.

रोटर (आत फिरणारं चुंबक) आणि स्टेटर यांच्यामधली फट चारही बाजूंनी ०.२ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. एका बाजूला गेज अडली तर स्टेटरचे नट सोडून तो मध्यावर आणा. तरीही अडत असेल तर क्रँकचं बेअरिंग तपासा.

इथवर सगळं बरोबर असेल, तरच रेक्टिफायर बदला. नवा जोडताना बॅटरीचे खांब उलटे लागले तर तोही तत्क्षणी जातो. आणि बॅटरीची वायर काढून गाडी चालवत 'चार्जिंग आहे का' बघण्याची जुनी पद्धत तर अजिबात नको.