उरलेल्या टाईल्स, लॅमिनेट, विनाइलचं काही बनवताय? या चुका टाळा

फ्लोअरिंगचं काम संपलं की कोपऱ्यात सहा-सात टाईल्स, लॅमिनेटच्या (लाकडासारख्या दिसणाऱ्या फ्लोअरिंगच्या) दोन-तीन पट्ट्या आणि विनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या फ्लोअरिंगचा, एक गुंडाळलेला तुकडा उभा असतोच, आणि येता-जाता तो दिसला की डोक्यात किडा वळवळायला लागतो की याचं टेबल करू, शेल्फ करू, कुंड्या सजवू. करा की, छानच होतं. पण फसतं ते बहुतेक वेळा एकाच गैरसमजामुळे. आपल्याला वाटतं, फरशीवर कपाट ठेवलं तरी ती फुटत नाही म्हणजे भलतीच मजबूत असणार. अहो, ती मजबुती खालच्या कोब्याची असते. फरशी जमिनीवरून उचलली की तो आधार गेला, आता तिला नवा आधार तुम्ही द्यायचा.

माझं पहिलं टेबल असंच गेलं. जुन्या स्टुलाच्या नुसत्या चौकटीवर 600 बाय 600 मिमीची टाईल ठेवली, चार कोपऱ्यांना सिलिकॉन लावलं, दिसायला एकदम झकास, आणि आठवड्याभरात कोणीतरी त्यावर हात टेकून उठलं आणि टाईलचे दोन तुकडे. त्या टाईलखाली पूर्ण मापाचं प्लायवूड हवं, आणि ते वाकणारं नको, 18 मिमीचं घ्या. वजनाचाही विचार करा, अशी एक व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल साडेसात-आठ किलोच्या घरात जाते, त्यात प्लाय धरलं की डुगडुगते पाय कामाचे नाहीत.

टाईल चिकटवायची कशाने, यात सगळ्यात जास्त घोळ होतो. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ शोषतच नाही, 0.5 टक्क्यापेक्षाही कमी, त्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही आणि प्लायवर तर नाहीच नाही. पॉलिमरवालं, थोडं लवचिक टाईल ॲढेसिव्ह घ्या आणि पाकिटावर लाकूड किंवा प्लायवर चालतं असं लिहिलंय का ते बघा. टाईलच्या पाठीवर बऱ्याचदा भट्टीतली पांढरी पावडर असते, ती ओल्या ब्रशने घासून काढा आणि टाईल वाळू द्या.

आणि टाईल निघालीच तर वैतागून लगेच परत चिकटवू नका, आधी दोन्ही बाजू बघा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. मसाला, म्हणजे ते ॲढेसिव्ह, सगळा प्लायवर राहिला आणि टाईलची पाठ कोरी निघाली तर पावडर साफ केली नव्हती किंवा मसालाच चुकीचा होता. उलट मसाला टाईलबरोबर आला आणि प्लाय स्वच्छ असेल तर प्लायवर धूळ होती, नाहीतर जुनं पॉलिश. आणि खाचेदार थापीने ओढलेल्या रेघा जशाच्या तशा उभ्या दिसत असतील तर मसाल्यावर साय धरल्यावर तुम्ही टाईल ठेवली किंवा ती नीट दाबलीच नाही. टाईल्सच्या सांध्यात भरलेली पेस्ट, म्हणजे ग्राउट, सारखं तडकत असेल तर पुन्हापुन्हा ग्राउट भरून काही होणार नाही, खालची फळी वाकतेय, आधी तिला खालून पट्ट्या मारा. ग्राउट कालवताना पाणी जास्त झालं तरी तडे जातात, हेही आहेच.

फुटके तुकडे जुळवून नक्षी, म्हणजे मोझेक, करताना तुकडे गोणपाटात गुंडाळून हातोडी मारा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कडा सुरीसारख्या असतात, घासून घ्या. कटरने कापणार असाल तर पाणी सोडून कापा, त्या सुक्या धुळीत सिलिका (वाळूतलं बारीक खनिज) असते, ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. जाड-पातळ तुकडे एकाच ठिकाणी वापरले की वर ग्लास ठेवला तरी डुगडुगतो, त्यामुळे आधी जाडीप्रमाणे वेगळे करून घ्या. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कुंडीवर तर मोझेक करूच नका, काही केल्या टिकत नाही. मातीची किंवा सिमेंटची घ्या.

लॅमिनेटचं दुखणं वेगळं आहे. वरून लाकूड दिसतं पण आतून तो दाबलेला लाकडाचा भुसा असतो, कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की पाव फुगावा तसा फुगतो आणि मग तो परत बसत नाही, घासून नाही, वजन ठेवून नाही. म्हणून बाथरूम, बाल्कनी, सिंकखालचं कपाट विसरा आणि बाकी कुठेही लावलं तरी कापलेल्या कडा पॉलियुरेथेन वार्निशने बंद करा. 8 मिमीच्या पट्टीचं पुस्तकांचं शेल्फ करू नका, मधोमध झोळ येतो. पलंगामागचं पॅनेल, ड्रॉवरचा तळ, फोटोची चौकट यासाठी मात्र एक नंबर. पट्टीच्या गुळगुळीत बाजूला लाकडाचा पांढरा ग्लू धरत नाही.

विनाइल कपाटात अंथरायला बेस्ट, गरम भांड्याखाली मात्र नाही, ते मऊ पडून वाकडं होतं. त्यावर रबराच्या बुडाची वस्तू ठेवली तर पिवळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो आतूनच बदललेला रंग असतो. खूप जुन्या घरातली 9 इंची विनाइल टाईल किंवा तिच्याखालचा काळा डांबरासारखा थर असेल तर तिचा क्राफ्ट करायचा नाही. घासायची नाही, तोडायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतू) असू शकतं. आणि विनाइल असो की लॅमिनेट, उरलेले तुकडे जाळू नका, धूर विषारी असतो.

चकचकीत टाईल पायरीवर किंवा ओल्या जागी लावणं म्हणजे पडायची सोय. संगमरवराचा तुकडा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलात तर लिंबू आणि व्हिनेगर लांब ठेवा, त्यांचं आम्ल पॉलिश खातं.

हे सगळं करायच्या नादात उरलेलं सगळंच संपवू नका हं. दोन-चार टाईल्स आणि एखादी पट्टी बाजूला ठेवा, खोक्यावरचं बॅच आणि शेडचं लेबल फाडून त्याच गठ्ठ्यात ठेवा, कारण तेच डिझाइन पुन्हा मिळालं तरी शेड जुळेलच असं नाही. टाईल्स उभ्या ठेवायच्या, लॅमिनेट आडवं आणि कोरड्या जागी.