नव्या रूपविकारी ताऱ्याचा उद्रेक: निरीक्षणाला बसण्यापूर्वीची तयारी

रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याच्या उद्रेकाची सूचना आली की हात दुर्बिणीकडे जातो. तो आधी संगणकाच्या घड्याळाकडे जावा. घड्याळ इंटरनेटवरून बरोबर लावून घ्यावे आणि निरीक्षणाच्या जागी रेंज नसेल तर जीपीएसवरून लावण्याची सोय सोबत ठेवावी. मागच्या वेळी एवढेच राहिले, आणि रात्रभराच्या निर्दोष प्रतिमा इतरांच्या तेजाच्या आलेखावर कुठेच बसेनात.

बॅटरी, केबल आणि दवापासून भिंगाचा बचाव यांविषयी लिहीत नाही. जो हे विसरतो त्याला यादीचा उपयोग नाही.

घड्याळाचा आग्रह कशासाठी, तर डब्ल्यूझेड सॅजिटीसारख्या जोडताऱ्यात श्वेत बटू (विझत आलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा) आणि त्याचा सोबती 80 ते 90 मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात, आणि उद्रेकात दिसणाऱ्या ‘सुपरहंप’ या चढउतारांचा आवर्तकाल त्या कक्षीय काळाहून जेमतेम एक टक्का मोठा, म्हणजे मिनिटभरही जास्त नसतो. घड्याळ दोन मिनिटे पुढे असले तरी एका रात्रीच्या आलेखात ते कळत नाही. जपानमधल्या किंवा युरोपातल्या निरीक्षकाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मगच उघडे पडते. शिवाय प्रतिमेत नोंदली जाणारी वेळ उद्भासनाच्या (एक्सपोजरच्या) आरंभाची आहे की मध्याची, हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच पाहून ठेवावे.

वेळ यूटीमध्येच (जागतिक वेळेत) नोंदवावी. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे 5:30 पर्यंत यूटीची तारीख आदल्या दिवसाचीच असते, आणि नेमक्या झोपेच्या वेळी ही गफलत होते. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, मात्र आपल्याकडे संध्याकाळी 5:30 वाजता बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते. नोंदवहीत तोच आकडा लिहिलेला बरा.

आता ताऱ्याची ओळख. अचानक उजळणारे तारे शोधणाऱ्या एएसएएस-एसएन सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशात सुमारे 8 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) व्यापतो, त्यामुळे आकाशगंगेच्या पट्ट्यात त्या जागी दोन-तीन तारे सहज निघतात. पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाची जुनी प्रतिमा उघडून नेमका कोणता तारा उजळला हे ठरवावे, आणि तिथून एखादा लघुग्रह तर जात नाही ना, हेही तपासावे.

नव्या ताऱ्यासाठी तुलना ताऱ्यांचा (ज्यांच्याशी ताडून तेज मोजतात त्यांचा) तयार नकाशा बहुधा नसतो. अशा वेळी एपास या ताऱ्यांच्या तेजाच्या सूचीतून तारे निवडावेत, पण नुसती प्रत (तेजाचा आकडा) जुळते म्हणून तांबडा तारा घेऊ नये. उद्रेकातला तारा निळसर असतो. तो क्षितिजाकडे कलू लागला की वातावरण निळा प्रकाश जास्त खाते आणि आलेखाला खोटा उतार येतो. पडताळणीसाठी आणखी एक तारा हवाच.

उद्भासन 30 ते 60 सेकंदांचे पुरते. सोळा बिटांच्या कॅमेऱ्यात पिक्सेलच्या आकड्याची 65,535 ही कमाल मर्यादा असली तरी प्रतिसाद त्याच्या बराच आधी वाकडा होऊ लागतो, म्हणून तारा निम्म्याच्या आसपास ठेवावा. जर्मन पद्धतीच्या माउंटवर मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बीण उलटते. त्यानंतर तोच तारा चौकटीत आहे ना, हे पाहावे. तेव्हाच घड्याळही पुन्हा पाहावे. होय, पुन्हा, लॅपटॉपचे घड्याळ रात्रीतही सरकते.

फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा) संधिप्रकाशात, डार्क (झाकण लावून घेतलेल्या प्रतिमा) कॅमेऱ्याच्या त्याच तापमानाला. नोंदी पाठवण्यापूर्वी वेळा सूर्यकेंद्रित, म्हणजे प्रकाश सूर्यापाशी पोहोचण्याच्या वेळेत, कराव्यात, कारण पृथ्वीच्या स्थानानुसार फरक आठ मिनिटांपर्यंत जातो. मात्र मूळ घड्याळ चुकले असेल तर हे गणित काहीही वाचवत नाही. फिल्टर नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.

तारा मंदावू लागला म्हणून सामान आवरू नये. डब्ल्यूझेड सॅजिटी 1913, 1946 आणि 1978 नंतर 2001 च्या जुलैत उजळला, आपल्याकडच्या ऐन पावसाळ्यात, आणि मुख्य उद्रेक ओसरल्यावर बारा वेळा पुन्हा उसळला. नव्या ताऱ्यावरही काही आठवडे रोज निदान एक प्रतिमा घ्यावी, आणि त्या एका प्रतिमेआधीसुद्धा घड्याळ लावावे.