कार्ताँच्या ‘पिएता’सारखी सोनेरी फळी: अस्तरापासून घोटाईपर्यंत

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘आव्हिन्याँची पिएता’ (पिएता म्हणजे मृत ख्रिस्तासाठी शोक करणाऱ्या मेरीचं चित्र) साधारण १४५५ची, अक्रोडाच्या फळ्यांवर रंगवलेली, १६३ × २१८ सेंटिमीटर. आडवा पडलेला ख्रिस्त, त्याला मांडीवर घेतलेली मेरी, त्याच्या डोक्याशी हात नेणारा योहान, डोळे टिपणारी मॅग्डालेन. डाव्या कडेला पांढऱ्या झग्यात हात जोडून, गुडघे टेकून बसलेला धर्मगुरू म्हणजे चित्राचा दाता. मागे आकाशाच्या जागी सोनंच आहे. हे सोनं रंगासारखं फासलेलं नाही. तो वर्ख आहे, आणि त्याची झळाळी खालच्या अस्तरावर ठरते. आपल्याकडे अशी सोनेरी फळी करताना लोक वर्खावर पैसे घालतात आणि अस्तर उरकून टाकतात. तिथेच काम बिघडतं.

हे चित्र पंधराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आंगराँ कार्ताँ याचं मानतात. त्याच्या ‘मेरीचा राज्याभिषेक’ या दुसऱ्या चित्राचा करार टिकून आहे, तारीख २४ एप्रिल १४५३. पैसे देणारे झाँ द मोंतान्यी हे धर्मगुरू, रक्कम १२० फ्लोरिन. करारात बजावलं आहे की रंग उत्तम आणि तेलातले हवेत, निळा ‘अक्र’चा (म्हणजे लाजवर्दाचा) हवा, कडेला मात्र जर्मन निळा (अझुराइट या खनिजाचा) चालेल, आणि सोनं शुद्ध, घोटलेलं (म्हणजे गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणलेलं) हवं. ‘घोटलेलं’ या शब्दात पुढची सगळी मेहनत आली, कारण चिकटवलेलं सोनं कोणीही लावू शकतो. घोटायचं तर खाली खडूचं अस्तर आणि त्यावर मऊ माती लागतेच.

खालची मापं ३० × ४० सेंटिमीटरच्या, निम्म्या भागात सोनं असलेल्या फळीसाठी आहेत.

फळी १२ मिलिमीटर प्लायची घ्या. सागवान टाळा, त्यातल्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. ३५ ग्रॅम कातडी सरस (सशाच्या कातड्याचा मिळाला तर उत्तम) ५०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी दुसऱ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उकळला की सरसाची ताकद जाते, आणि हे महिनाभराने अस्तर पापुद्र्यासारखं सुटायला लागल्यावरच कळतं. पुढून, मागून आणि कडांना एकेक हात द्या. फक्त पुढच्या बाजूला दिलात तर फळी वाकेल.

सरस ओला असतानाच पुढच्या बाजूला जुनं सुती कापड बसवा. वर्षानुवर्षं धुतलेलं धोतर यासाठी फार छान, कारण त्यात खळ उरलेली नसते. तळहाताने मधून कडेकडे दाबत हवा काढा. एक रात्र वाळू द्या.

आता अस्तर. कोमट सरसात चाळलेली खडूची पूड (बारीक कॅल्शियम कार्बोनेट) चमच्याने हळूहळू सोडा, सुमारे ४०० मिली सरसाला ६०० ग्रॅम. ढवळू नका. पूड आपोआप बुडू द्या, मग ब्रश भांड्याच्या तळाशी ठेवून सावकाश फिरवा. घुसळलंत की बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा पुढे सोन्यात टाचणीएवढं भोक होतो. पहिला थर बोटांनी कापडात चोळा. नंतरचे सात-आठ थर ब्रशने, दर वेळी दिशा बदलून. आधीच्या थराची ओली चकाकी गेली की पुढचा द्या, पूर्ण वाळण्याची वाट पाहू नका, आणि सगळे एकाच दिवशी संपवा. मधेच सरस घट्ट वाटला तर थोडं कोमट पाणी घाला, जास्तीचा सरस कधीच नाही. वरचा थर खालच्यापेक्षा कडक झाला की तो आकसताना खालच्याला ओढतो आणि जाळीसारख्या भेगा पडतात. बाजारातला अॅक्रिलिक गेसो (कॅनव्हासला लावायचं तयार अस्तर) इथे निरुपयोगी आहे. तो पाणी पुरेसं शोषत नाही.

दोन दिवसांनी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हस्तिदंतासारखं गुळगुळीत करा. चित्र उतरवा आणि जिथे आकृती व सोनं भेटतात ती रेघ सुईने कोरून घ्या. सोन्याखाली पेन्सिल दिसणार नाही, खोबणी दिसेल.

सोन्याच्या जागी लाल बोल, म्हणजे लोण्यासारखी मऊ चिकणमाती, पातळ सरसात कालवून चार-पाच हात द्या. सरस अस्तराच्या निम्म्या ताकदीचा असावा. रांगोळीखालचा गेरू वापरू नका, त्यातली कणी सोन्यावर ओरखडे पाडते. वाळल्यावर जाड सुती कापडाने घासा. मातीलाच मंद चकाकी यायला हवी.

वर्ख २२-२३ कॅरेटचा, सुट्या पानांचा. पान ८ × ८ सेंटिमीटरचं, त्यामुळे ६०० चौरस सेंटिमीटरला तुटफूट धरून पंधराएक पानं लागतील. २५ पानांचं एक पुस्तक पुरतं. पितळी ‘गोल्ड लीफ’ घेऊ नका, ते घोटलं जात नाही आणि काळं पडतं. १०० मिली पाण्यात २५ मिली स्पिरिट (अल्कोहोल) आणि दोन-तीन थेंब सरस मिसळा. पंखा बंद, खिडक्या बंद. बोलावर पानाएवढ्या जागी हे पाणी भरपूर सोडा आणि गालावरून फिरवलेल्या सपाट ब्रशने पान उचलून जवळ न्या. पाणीच ते ओढून घेतं. पुढचं पान अर्धा सेंटिमीटर आधीच्यावर चढवा. लावलेल्या सोन्यावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो.

घोटाईची वेळ कानाने ओळखायची. अकीकाच्या घोटणीने (गुळगुळीत अकीक दगड बसवलेल्या दांडीने) कोपऱ्यात हलकं टकटक करा. भद्द आवाज आला तर आत ओल आहे, घोटलंत तर सोनं मातीसकट निघेल. टणक, काचेसारखा आवाज आला की सुरुवात करा. आधी नुसता स्पर्श, मग हळूहळू दाब. हे सहसा दोन ते चार तासांत जमतं. कोकणात पावसाळ्यात दिवसभर थांबूनही जमत नाही, वर सरसाला बुरशी येते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. उलट मे महिन्यात विदर्भात सोनं तासाभरात कोरडं ठक्क होतं. तेव्हा जवळून तोंडाची वाफ देत घोटा.

घोटून झाल्यावरच ठसे मारा. ‘पिएता’तल्या प्रभावळींत योहान, मेरी आणि मॅग्डालेन यांची नावं सोन्यातच उमटवलेली आहेत. कंपासने वर्तुळं दाबा, गोल टोकाचा ठसा उभा धरून हातानेच दाबा किंवा हलका ठोका. अस्तर भुसभुशीत झालं असेल तर इथेच तडकतं.

मग रंग. उघड्या अस्तरावर आधी पातळ सरसाचा एक हात द्या, नाहीतर खडू तेल पिऊन टाकतो आणि रंग मातकट पडतो. दात्याच्या झग्याच्या पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइट घ्या. झिंक तेलात ठिसूळ होतो आणि शिसं विषारी आहे. सोन्याला भिडणारी कड शेवटी, रंग कोरलेल्या रेषेच्या केसभर पलीकडे नेऊन रंगवा. व्हार्निश सहा महिन्यांनी, फक्त रंगावर. घोटलेल्या सोन्यावर ते लावू नका.