चौल-रेवदंडा एका दिवसात: तिथी पाहून आखायची सहल

अलिबागजवळच्या चौलला जाऊन आलेले बरेच जण 'तिथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही' असे सांगतात, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात 'सिमुल्ला' आणि कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' म्हणून येणारे हे बंदर आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले आहे. त्याचे अवशेष कुंपणांच्या आत, तळ्यांच्या काठी आणि वेलींच्या जाळ्यात विखुरलेले आहेत. त्यामुळे येथील सहलीला वाटाड्या लागतोच, आणि त्याआधी पंचांग लागते.

पंचांग अशासाठी की रेवदंड्याच्या कोटाची समुद्राकडची तटबंदी बाहेरून पाहायची तर ओहोटी हवी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: पक्षातील तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी येते. द्वादशीला सकाळी नऊच्या सुमारास भरती आणि दुपारी तीनच्या आसपास ओहोटी, म्हणजे दुपारी रेवदंडा गाठणाऱ्यांना द्वादशी किंवा त्रयोदशी सर्वांत सोयीची. अष्टमी टाळावी, कारण तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. ऋतू हिवाळ्याचा निवडावा. मात्र मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलला मोठी जत्रा भरते, तेव्हा इतिहास पाहण्याची आशा सोडून जत्राच पाहावी.

वाटाड्या चौल किंवा रेवदंड्याचाच असावा. बाहेरून आलेला माणूस कितीही वाचलेला असला, तरी कोणत्या वाडीचे फाटक कोणाला विचारून उघडायचे हे त्याला ठाऊक नसते, आणि चौलचा राजकोट किल्ला व हमामखाना यांचे अवशेष पाहताना नेमके तेच कामी येते. आपण किती माणसे आहोत आणि त्यांत चढण न झेपणारे किती आहेत, हे त्याला आदल्या दिवशीच सांगावे. दुपारच्या जेवणाचा आकडाही घरगुती खानावळीला सकाळीच कळवावा. ऐन वेळी पंधरा पाने मांडणे तिथे कोणालाच जमत नाही.

अलिबागहून सकाळी सातला निघावे. रेवदंडा तिथून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. वाटेत आक्षीला पंधरा मिनिटे थांबून शिलालेख पाहावा. त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो आणि त्या वाचनानुसार तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत मोडतो. अंकांच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत वाद झालेला आहे, तोही मंडळींना अवश्य सांगावा.

चौलला पोचल्यावर देवळांकडे न वळता आधी दत्ताचा डोंगर चढावा. पायऱ्या काही शे आहेत, तेव्हा ऊन तापण्यापूर्वीच चढण उरकलेली बरी. वरून दर्शन होतेच, शिवाय या बंदराचे गणितही उलगडते: कुंडलिका नदीचे मुख, पलीकडे कोर्लईचा डोंगर, अलीकडे रेवदंडा आणि मागे झाडीने भरलेले चौल. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास इथे आला, तेव्हा 'सैमूर' नावाच्या या शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. रशियन व्यापारी निकितीन १४६९ मध्ये इथेच उतरून जुन्नरकडे गेला. हे सगळे डोंगरावर बसून सांगितले की खाली वाड्यांमधून फिरताना पायाखालचे शहर मनात उभे राहते. खाली रस्त्यावर उभे राहून सांगितले, तर मंडळी मोबाईल बाहेर काढतात.

उतरल्यावर रामेश्वराला पुरेसा वेळ द्यावा. समोरची पुष्करिणी शांतपणे पाहावी आणि मग देवळातील पर्जन्यकुंड, अग्निकुंड व वायुकुंड यांविषयी विचारावे. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा सांगितली जाते. चौलमध्ये ३६० देवळे आणि ३६० तळी होती, असे जुने लोक म्हणतात. आकडा मोजायच्या भरीस पडू नये, पण तळ्यांवर लक्ष ठेवावे, कारण दाट वस्तीच्या खुणा सर्वांत टिकून राहिल्या आहेत त्या पाण्याजवळच. पाय अजून साथ देत असतील तर हिंगळाजच्या टेकडीवरील कोरीव लेणी पाहावीत, नाहीतर शीतळादेवीचे दर्शन घेऊन जेवायला बसावे.

दुपारी रेवदंडा. गाव कोटाच्या आतच वसलेले असल्याने किल्ला कुठे सुरू होतो हे नवख्याला कळत नाही. सातखणी हा पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा आधी पाहून मग ओहोटीला तटाबाहेरच्या वाळूत उतरावे. १५०८ मध्ये याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला; १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने घातलेला वेढा मात्र पोर्तुगीजांनी परतवला, आणि मराठ्यांच्या हाती हा कोट आला तो १७४० मध्ये. गावात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील ज्यू, समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. शनिवारी तेल्याचा घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. सिनेगॉग पाहायचे असल्यास वाटाड्याकरवी आधी परवानगी काढावी, आणि सहल शनिवारी ठेवू नये.

याच दिवसात जंजिरा आणि कुडे लेणीही उरकण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास मोटारीची काच तेवढी पाहून होते. पूल ओलांडून कोर्लईला जावे, एवढे पुरे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घरात बोलली जाते, तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. दीपगृहाजवळून किल्ल्याची चढण आहे. सूर्यास्त वरून पाहायचा असेल तर प्रत्येकाजवळ विजेरी असावी, नसेल तर अर्धा तास आधीच खाली उतरायला लागावे.