रंगवूनही मन शांत होत नाही? या चुका टाळा

ध्यान म्हणून रंगवायच्या वहीतली नक्षी अर्धा तास रंगवली, पण डोकं शांत व्हायचं सोडून मान आखडली, अंगठा दुखायला लागला आणि रंग रेषेबाहेर गेला म्हणून चिडचिड झाली ती वेगळीच. असं होत असेल तर ‘आपलं मनच चंचल’ असं ठरवून वही बंद करू नका. बहुतेक वेळा निवडलेलं चित्र, पेन्सिलीवरचा दाब किंवा बसण्याची पद्धत चुकलेली असते, आणि हे तिन्ही सुधारता येतं.

चित्र संपवायच्या घाईने बसणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. ध्यानात लक्ष टेकवायला एक जागा लागते. श्वासावर ध्यान करताना ती नाकपुडीपाशी असते, इथे ती पेन्सिलीच्या टोकापाशी. टोक कागदावर घासताना होणारी बारीक खसखस ऐका, रंग कडेपर्यंत कसा सरकतो ते बघा. मन उद्याच्या मीटिंगकडे गेलं की हात आपोआप भराभर चालायला लागतो आणि रेघा लांब, वेड्यावाकड्या होतात. ही खूण ओळखा. हात थांबवा, एक श्वास पूर्ण सोडा आणि तोच कप्पा पुढे रंगवा. २० मिनिटांत असं दहा-पंधरा वेळा झालं तरी बिघडत नाही. दर वेळी परत येणं हाच तर सराव. टायमर लावून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. समोर मालिका चालू असेल तर विरंगुळा होईल, ध्यान होणार नाही.

कोरा कागद किंवा फार किचकट नक्षी

२००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ करून मग २० मिनिटं रंगवायला दिलं होतं. मंडल (गोलाकार नक्षी) किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाने रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणून थकून घरी आल्यावर कोरा कागद समोर घेऊ नका. ‘काय काढू’ या विचारातच वेळ जातो. दुसरं टोक म्हणजे तीन-चार मिलिमीटरचे कप्पे. चाळिशीनंतर त्यांनी डोळे हमखास शिणतात. कप्पा साधारण १ सेंटिमीटरचा असावा.

विकतची वही नसेल तर ठिपक्यांची रांगोळी घ्या. सात ओळी, प्रत्येकीत सात ठिपके, दोन ठिपक्यांत २ सेंटिमीटर अंतर. नक्षी १२ सेंटिमीटरच्या चौरसात बसते आणि कप्पे मोठे पडतात. रंग मात्र आधीच निवडा: पाच पेन्सिली बाहेर काढा आणि डबा बंद करा. ४८ रंग समोर असले की दर कप्प्याला नवा निर्णय घ्यावा लागतो.

पेन्सिल दाबून धरणं

गडद रंग हवा म्हणून पहिल्याच हाताला जोर लावला की कागदाचा खरखरीतपणा दबून जातो. मग वरचा रंग बसत नाही, नुसता मेणचट तकाकतो. पेन्सिल टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागे, सैल धरा; त्या पकडीत जोर लावताच येत नाही. पहिला थर इतका हलका द्या की मधले पांढरे ठिपके दिसत राहतील. दुसरा आडवा, तिसरा तिरका. तीन थरांत रंग भरतो आणि अंगठाही दुखत नाही.

टोक सारखं तुटत असेल तर दोन कारणं बघा. पेन्सिल फरशीवर पडली की शिसं आतल्या आत तुटतं. त्यावर इलाज नाही. दुसरं, बोथट शार्पनर. नवा घ्या, आणि पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवा. काही दिवसांनी गडद रंगावर पांढुरकी साय दिसली तर ते वर आलेलं मेण असतं, मऊ कापडाने हलकेच पुसा. रबराने घासू नका, रंग फासला जातो.

झेरॉक्सच्या कागदावर स्केचपेन

७०-८० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं वजन ७०-८० ग्रॅम, म्हणजे पातळ) कागद स्केचपेनने तीनदा घासला की त्याचे गोळे निघतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत १२०-१६० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद मागा. नक्षी छापून घेणार असाल तर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. घरच्या इंकजेटच्या रेषा ओल्या रंगाने पसरू शकतात. पुण्याच्या पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, नरम पडतो आणि पेन्सिलीच्या टोकाने त्यावर चर पडतात. जून ते सप्टेंबर वही झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

वाकून बसणं

परीक्षेचा पॅड दोन जाड पुस्तकांवर तिरका टेकवा, म्हणजे कागद डोळ्यांकडे येतो आणि मान झुकत नाही. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, हाताची सावली पडत नाही.

झोप उडवणारी काळजी आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर रंगवण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

टायमर वाजला की हातातला कप्पा तेवढा पूर्ण करा आणि थांबा. पाचही पेन्सिली रबरबँड लावून वहीसोबत ठेवा, उद्या पुन्हा रंग निवडत बसावं लागणार नाही.