थंडीत छत गळतंय? आधी एक्झॉस्ट फॅनचा पाइप कुठं जातो ते बघा

डिसेंबर लागला की परभणीत तक्रारी सुरू होतात: "पाऊस नाही, पाणी नाही, तरी पत्रा गळायलाय." आख्खा पावसाळा कोरडा राहिलेला पत्रा थंडीत गळत असेल, तर भोक शोधत वर चढू नका. पत्र्याला आतून घाम फुटलाय.

याचं मूळ बहुतेक वेळा एकच. एक्झॉस्टचा पाइप घराबाहेर न काढता फॉल्स सीलिंगच्या वर सोडून दिलेला असतो. जिंतूर रोडला एका घरी मालकांनी आधी पत्र्याच्या स्क्रूंवर लेप मारून घेतला, मग वॉशर बदलले, शेवटी ताडपत्री टाकली. पहाटेची टिपटिप चालूच. सीलिंगचं झाकण उघडलं तर बाथरूमच्या फॅनचा पाइप तिथंच संपलेला! एकत्र कुटुंब, सकाळी पाठोपाठ कढत पाण्याच्या आंघोळी, आणि ती सगळी वाफ गार पत्र्याला. 25 अंशांची हवा घनमीटरमागे साधारण 23 ग्रॅम बाष्प धरते, 10 अंशांची जेमतेम 9. उरलेलं पाणी होऊन खाली येणारच. त्यात निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पीओपीवर काळी बुरशी, पट्ट्यांना गंज. मिस्त्रीचं म्हणणं काय, तर भिंत फोडायचा ताप वाचला. ताप त्याचा वाचला.

बर्फाळ देशांतही ही चूक होते. तिथं पोटमाळ्यात सोडलेल्या उबेनं छतावरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं आणि त्या बांधामागं तुंबलेलं पाणी घरात शिरतं.

मी पाइप थेट बाहेरच्या भिंतीतून काढतो, जमेल तितका आखूड, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. उलटा उतार दिला तर पाइपातलं पाणी फॅनच्या मोटरवर येतं. तोंड वळचणीच्या फटीपाशी नको, वाफ परत आत शिरते. सहा इंची फॅनला चार इंची पाइप जोडणाऱ्याशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरी चूक जिवावरची. "एक्झॉस्ट आहे की" म्हणून गॅस गीझर बाथरूममध्येच बसवतात. दार-खिडकी बंद, बाहेरची हवा आत यायला वाट नाही, आणि फॅन ओढतोय. अशा वेळी गीझरचा जळका वायू आतच घुटमळू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत लावा. मग फॅन कुठलाही घ्या.

दाराखाली फट ठेवा, नाहीतर फॅन नुसता घरघरतो. आंघोळ झाली की लगेच बटण बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. विजेचं बिल त्यानं फुगत नाही. स्वयंपाकघरात बारीक जाळी नको, फोडणीच्या तेलानं महिन्याभरात बुजते. कबुतरांसाठी बाहेरून झडपेचं शटर लावा आणि ते उघडतंय का, हे फॅन सुरू करून बाहेर जाऊन बघा.